आईचा रक्तदाब, बाळाचा श्वास

लेबर रूममध्ये एपिड्युरल, म्हणजे कळांची वेदना शमवणारी कमरेतली भूल, द्यायला मी पोहोचते तेव्हा बाहेरच्या बाकावरून हमखास एक प्रश्न येतो, "डॉक्टर, बाळाला काही होणार नाही ना?" कधी नवरा विचारतो, कधी सासूबाई, कधी मुलीची आई. त्यावर "काळजी करू नका" एवढं म्हणून आत जाणं मला कधी पटलं नाही. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर रक्ताच्या वाटेवर आहे. आईच्या हृदयातून गर्भाशयात, गर्भाशयातून वारेपर्यंत आणि वारेतून नाळेवाटे बाळापर्यंत जाणारी ही वाट. कळा कमी करणारा प्रत्येक उपाय या वाटेवर कुठे ना कुठे काहीतरी बदलतो. आणि काहीच उपाय न करता बाई तळमळत राहिली, तरीही बदलतो. भूलतज्ज्ञ म्हणून कळा देणाऱ्या बायकांच्या उशाशी उभी राहून मी जे शिकले, ते इथे मांडते.

१. वार आईच्या बीपीवर विसंबून असते

एरवी बाईच्या गर्भाशयाला मिनिटाला ५० ते १०० मिली रक्त पुरतं. दिवस भरत आले की हाच आकडा ५०० ते ७०० मिलीवर जातो. हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्ताचा साधारण दहावा हिस्सा एकट्या गर्भाशयाकडे वळतो. आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. वारेत दोन्ही रक्तं पातळ पडद्याच्या अल्याड-पल्याड वाहतात आणि त्या पडद्यातून ऑक्सिजन पलीकडे जातो.

मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या बीपी थोडं खाली आलं तर स्वतःहून रुंदावतात आणि प्रवाह टिकवतात. वारेखालच्या धमन्या मात्र गरोदरपणात आधीच पुरत्या सैलावलेल्या असतात. आणखी सैल होऊन तूट भरून काढायला त्यांच्याकडे वाव नसतो. कालव्याच्या टेलवरच्या शेतासारखी त्यांची गत असते. वर पाणी उतरलं की पहिला फटका त्या शेताला बसतो. म्हणून आईचं बीपी उतरलं की वारेचा प्रवाह त्याच्या मागोमाग उतरतो.

दुसरी गोष्ट कळेची. कळ भरात असते तेव्हा गर्भाशयाचा स्नायू आपल्यातल्या रक्तवाहिन्या आवळतो आणि वारेखाली नवं रक्त येणं जवळपास थांबतं. तेवढा वेळ बाळ तिथल्या साठ्यावर निभावतं. कळ ओसरली की साठा पुन्हा भरतो. दोन कळांमधली ती उसंत बाळासाठी लाखमोलाची आहे. दहा मिनिटांत पाचापेक्षा जास्त कळा येऊ लागल्या, तर कळा वाढवणारं ऑक्सिटोसिनचं ड्रिप कमी करायला सांगताना मी संकोच करत नाही. वेदना शमवण्याइतकीच ही उसंत राखणंही माझं काम आहे, असं मी मानते.

२. तीव्र वेदना बाळाच्या वाट्याचं रक्त कमी करू शकते

"आम्ही नाही का सोसलं?" हे वाक्य मी खूप ऐकलंय. त्यामागे त्या बाईचं स्वतःचं बाळंतपण असतं, म्हणून मी त्याचा मान राखते. पण वेदना सोसल्याने बाळाचं भलं होतं, ही समजूत खरी नाही.

वेदना आणि भीती वाढली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन उसळतं. बीपी वाढलेलं दिसतं, पण गर्भाशयाच्या धमन्या आकसतात. १९७९ साली सॅन फ्रान्सिस्कोत सोल श्नायडर आणि सहकाऱ्यांनी गाभण मेंढ्यांवर हे दाखवून दिलं. ताण देताच नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढलं आणि गर्भाशयाचा रक्तप्रवाह घटला. पुढे त्यांनीच कळा देणाऱ्या स्त्रियांमध्ये मोजून दाखवलं की एपिड्युरलनंतर आईच्या रक्तातलं अ‍ॅड्रेनलिन उतरतं.

श्वासाचीही अशीच गोष्ट आहे. कळ चढली की बाई जोरजोरात धापा टाकते. रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. मग गर्भाशयाच्या धमन्या आकसू शकतात, शिवाय आईचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन घट्ट धरून ठेवतं आणि बाळाकडे सोडताना हात आखडता घेतं. कळ गेल्यावर तीच बाई दमून इतका मंद श्वास घेते की तिचा स्वतःचा ऑक्सिजनही खाली येऊ शकतो.

अंगापिंडाने चांगलं असलेलं, वार नीट काम करत असलेलं बाळ हे सगळं निभावून नेतं. म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या बायका औषधाविना सुखरूप बाळंत झाल्या. पण बाळाची वाढ कमी असेल, आईला बीपीचा किंवा साखरेचा त्रास असेल, तर गाठीला शिल्लक फार नसते. अशा वेळी वेदनाशमन ही चैन नसते. तो उपचाराचाच भाग असतो.

३. कुठलंही औषध देण्याआधी कूस बदला

भरल्या दिवसांची बाई उताणी झोपली की गर्भपिशवीचा सगळा भार मणक्यालगतच्या मोठ्या शिरेवर पडतो. पायांकडचं रक्त हृदयाकडे परतत नाही. जवळच्या महाधमनीवरही दाब येतो. बाईला गळाठल्यासारखं होतं, घाम फुटतो, मळमळतं. कधी आईला काहीच जाणवत नाही, हातावर मोजलेलं बीपीही ठीक असतं आणि तरी गर्भाशयाचा प्रवाह कमी झालेला असतो.

यावर इलाज बिनखर्चाचा आहे. कुशीवर वळवणं, शक्यतो डाव्या. उजव्या बाजूखाली उशी सारून जरासं कलतं करणं हा नाइलाजाचा उपाय, कारण थोड्याशा कलण्याने शीर पूर्ण मोकळी होत नाही. एपिड्युरलनंतर तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण शरीराची रक्त वर ढकलण्याची स्वतःची ताकदही तेव्हा कमी झालेली असते. तपासणीसाठी उताणं झोपवलेली बाई तपासणी झाली की कुशीवर वळलीच पाहिजे. आमच्याकडच्या अनुभवी सिस्टर मॉनिटरकडे बघण्याआधी बाई कशी झोपली आहे ते बघतात. हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

४. सुई कमरेत, परिणाम रक्तवाहिन्यांवर

पिशवीचं तोंड उघडत असताना कळांची वेदना पाठीच्या दहाव्या ते कमरेच्या पहिल्या मणक्याच्या पातळीवरच्या मज्जातंतूंतून वर जाते. बाळ खाली सरकू लागलं की खालच्या, माकडहाडाजवळच्या तंतूंची भर पडते. एपिड्युरलचं औषध हे तंतू बधिर करतं. पण त्याच वाटेने रक्तवाहिन्यांना आवळून धरणारे तंतूही जातात, तेही सुस्तावतात. पायांतल्या आणि पोटातल्या शिरा सैलावतात, रक्त तिथेच साचतं आणि बीपी उतरतं.

हा उतार बहुधा पहिल्या वीस-तीस मिनिटांत दिसतो. म्हणून या काळात मी दर पाच मिनिटांनी बीपी मोजते आणि बाळाच्या ठोक्यांचा आलेख चालू ठेवते. सलाइन लावलेलं असतं, पण नुसत्या सलाइनवर भरवसा ठेवता येत नाही. बीपी मूळच्या आकड्यापेक्षा पाचव्या हिश्शाने उतरलं, किंवा बाईला मळमळू लागलं, तर ते सावरायचं इंजेक्शन तिथेच, हाताशी, भरून ठेवलेलं असावं लागतं.

कुठलं इंजेक्शन, हा प्रश्नही मोलाचा धडा देऊन गेला. मेंढ्यांवरच्या प्रयोगांत एफेड्रिन गर्भाशयाचा प्रवाह जास्त चांगला राखतं असं दिसलं होतं, म्हणून अनेक दशकं प्रसूतीशास्त्रात त्याचाच वापर झाला. फेनिलेफ्रिन धमन्या आवळतं, म्हणून त्याची भीती होती. पुढे सिझेरियनच्या वेळी जन्मलेल्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं गेलं. हाँगकाँगच्या वॉरविक न्गान की यांच्या चमूचं काम त्यात महत्त्वाचं आहे. एफेड्रिन वार ओलांडून बाळापर्यंत पोहोचतं, त्याच्या शरीराचा वेग वाढवतं आणि नाळेच्या रक्तात आम्ल जास्त सापडतं, असं दिसलं. फेनिलेफ्रिनची बाळं त्या मानाने चांगली निघाली. आईच्या बीपीचा आकडा सुधारला म्हणजे बाळाचं सगळं साधलं, असं गृहीत धरता येत नाही. शेवटचा निवाडा बाळाच्या प्रकृतीवरच व्हायला हवा.

५. कमी औषधात काम होतं, तर जास्त देऊ नये

पूर्वी एपिड्युरलमध्ये ०.२५ टक्के किंवा त्याहून तीव्र बुपिव्हाकेन दिलं जाई. वेदना जाई, पण पाय जड पडत, बीपी जास्त उतरे आणि जोर लावताना बाईला काही कळत नसे. आज ०.०६२५ ते ०.१ टक्के बुपिव्हाकेनमध्ये अगदी थोडं फेंटानिल मिसळलं की काम भागतं. २००१ साली ब्रिटनमध्ये झालेल्या कॉमेट या मोठ्या चाचणीत जुन्या तीव्र पद्धतीपेक्षा सौम्य औषधाच्या पद्धतींत चिमटा किंवा व्हॅक्यूम न लावता जास्त प्रसूती झाल्या.

रक्तप्रवाहाच्या दृष्टीनेही हेच बरं. थोडं थोडं औषध थांबत थांबत दिलं की शिरा एकदम सैलावत नाहीत आणि शरीराला जुळवून घ्यायला अवकाश मिळतो. बाईला पोट कडक झालेलं कळावं, पण वेदना सहन होण्याजोगी असावी. सगळं सुन्न करणं हे माझं उद्दिष्ट नसतं.

६. वेदना झटक्यात थांबली, तर पुढची काही मिनिटं जास्त जपावं

हा धडा प्रत्येक नव्या भूलतज्ज्ञाला मी आवर्जून सांगते. कधी कधी कळा फार पुढे गेलेल्या असतात आणि आम्ही मणक्यातल्या पाण्यात थोडं औषध देऊन मग एपिड्युरलची नळी बसवतो. आराम पाच मिनिटांत पडतो. बाईचा चेहरा सैलावतो, घरच्यांना हायसं वाटतं आणि नेमके त्याच वेळी बाळाचे ठोके खाली येऊ शकतात. बीपी बघावं तर व्यवस्थित असतं.

असं का होतं, याचा एक पटण्याजोगा खुलासा आहे. अ‍ॅड्रेनलिन एरवी गर्भाशयाला थोडं सैल ठेवतं. वेदना एकदम थांबली की अ‍ॅड्रेनलिन झपाट्याने उतरतं, पण नॉरअ‍ॅड्रेनलिन त्याच वेगाने उतरत नाही. सैल ठेवणारा हात निघून जातो, गर्भाशय घट्ट आवळलेलं राहतं आणि दोन कळांमधली उसंत नाहीशी होते. वारेत रक्त भरायला वेळच मिळत नाही.

अशा वेळी घाबरून सिझेरियनकडे धावण्याआधी काही गोष्टी ओळीने करायच्या असतात. कूस बदलायची, ऑक्सिटोसिनचं ड्रिप बंद करायचं, सलाइनचा वेग वाढवायचा, बीपी मोजून उतरलेलं असेल तर सावरायचं. पोटावर हात ठेवून पिशवी सैल होतेय का ते बघायचं. होत नसेल तर टर्ब्युटालिन ०.२५ मिग्रॅ त्वचेखाली, किंवा नायट्रोग्लिसरीन द्यायचं, म्हणजे पिशवी सैलावते. स्त्रीरोगतज्ज्ञाला पहिल्या मिनिटालाच बोलावून घ्यायचं. बहुतेक वेळा काही मिनिटांत ठोके ११० ते १६० च्या नेहमीच्या पट्ट्यात परततात आणि प्रसूती आपल्या मार्गाने पुढे जाते. पण हे घडताना खोलीत जाणतं माणूस हजर असायला हवं.

७. बीपी वाढलेल्या आईला एपिड्युरलची भीती घालू नये

गरोदरपणात ज्या आईचं बीपी वाढून लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, म्हणजे जिला प्री-एक्लॅम्प्सिया होतो, तिच्या वारेखालच्या धमन्या मुळातच नीट रुंदावलेल्या नसतात. बाळ अपुऱ्या रक्तावर वाढलेलं असतं. अशा बाईला वेदना असह्य झाली की बीपी आणखी चढतं आणि तिच्या मेंदूलाही धोका पोहोचतो.

१९८२ साली फिनलंडमध्ये योउपिला आणि सहकाऱ्यांनी तीव्र प्री-एक्लॅम्प्सिया असलेल्या, कळा सुरू झालेल्या स्त्रियांमध्ये एपिड्युरलआधी आणि नंतर वारेतला रक्तप्रवाह मोजला. एपिड्युरलनंतर तो सुधारलेला आढळला. आकसलेल्या धमन्या सैलावल्या आणि वेदनेचा ताण उतरला, तर असं होणं समजण्याजोगं आहे. निरोगी आईत नाळेच्या डॉप्लरवर एपिड्युरलने सहसा फारसा फरक दिसत नाही. मुळात जिथे प्रवाहाची ओढाताण आहे, तिथेच फायदा ठळक होण्याची शक्यता असते.

याच्या दोन अटी आहेत. प्लेटलेट तपासल्याशिवाय सुई लावायची नाही, कारण त्या फार कमी असतील तर मणक्यात रक्त साचण्याचा धोका असतो. आणि बीपी हळूहळूच उतरू द्यायचं. १७० वर सवय झालेल्या वारेला एकाएकी ११० वर आणलं तर ती उपाशी राहते. एपिड्युरल हे या आजाराचं औषध नव्हे. मॅग्नेशियम आणि बीपीची औषधं आपापल्या जागी हवीतच. तरीही अशा आईला वेळेत एपिड्युरल मिळालं की तिचं बीपी काबूत ठेवणं सोपं जातं, आणि पुढे सिझेरियन लागलंच तर त्याच नळीतून भूल देता येते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

८. प्रत्येक उपाय बाळापर्यंत वेगळ्या वाटेने पोहोचतो

पेथिडीनचं इंजेक्शन आपल्याकडे वर्षानुवर्षं दिलं गेलं. त्याची अडचण मुख्यतः रक्तप्रवाहाची नाही. ते स्वतःच वार ओलांडून बाळात जातं. ठोक्यांच्या आलेखातले नैसर्गिक चढउतार मंदावतात आणि इंजेक्शननंतर दोन-तीन तासांत जन्मलेलं बाळ श्वास घ्यायला आळसावू शकतं.

एंटोनॉक्स, म्हणजे निम्मं नायट्रस ऑक्साइड आणि निम्मं ऑक्सिजन, बाई स्वतःच मुखवट्यातून ओढते. त्याचा अंमल पटकन ओसरतो आणि आईचं बीपी सहसा हलत नाही, पण वेदना पुरती जातही नाही. पिशवीच्या तोंडाशेजारी दिलेलं भुलीचं इंजेक्शन वेदना चांगली शमवतं, पण तिथून गर्भाशयाची धमनी अगदी जवळ असते आणि बाळाचे ठोके उतरू शकतात. म्हणून कळांसाठी ते आता फारसं वापरलं जात नाही.

आणि औषधाविना असलेले उपाय मी कधीच दुय्यम मानले नाहीत. चालतं-फिरतं ठेवणं, कंबर चोळून देणं, कोमट पाण्याने शेकणं, आणि सगळ्यांत मोठा म्हणजे जवळ आपलं माणूस असणं. भीती कमी झाली की ताणाची संप्रेरकं कमी होतात आणि श्वास ताळ्यावर येतो. केंद्र सरकारच्या २०१७ सालच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात प्रसूतीच्या वेळी सोबतीण असू देण्यावर भर आहे, तो याचसाठी. आपल्या आईचा किंवा बहिणीचा हात हातात असलेली मुलगी एपिड्युरलची वाट बघतानाही वेगळी दिसते.

९. सुई टोचल्यावर खरं काम सुरू होतं

एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४७ साली प्रसूतीत आधी ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरलं. १८५३ मध्ये जॉन स्नो यांनी व्हिक्टोरिया राणीला तिच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म दिलं आणि या उपायाला लोकमान्यता मिळाली. पण त्याचा बाळावर काय परिणाम होतो, हे पद्धतशीर बघण्याची साधी रीत यायला शंभर वर्षं जावी लागली. ती १९५२ साली न्यूयॉर्कच्या व्हर्जिनिया अपगार यांनी दिली. त्या स्वतः भूलतज्ज्ञ होत्या. जन्मताच बाळाचा रंग, ठोके, श्वास, हालचाल आणि प्रतिसाद यांना गुण द्यायची त्यांची पद्धत आज जगभरच्या लेबर रूममध्ये आहे. आईची वेदना शमवणाऱ्याने बाळाकडे बघितलंच पाहिजे, हा वारसा आम्हाला त्यांच्याकडून मिळाला.

आपल्याकडे लहान गावांत आणि छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पळावं लागतं. 'पेनलेस डिलिव्हरी'ची पाटी लावणं सोपं आहे, पण सुई लावून निघून जाणं मला मान्य नाही. पहिला अर्धा तास थांबणारं, नंतर हाकेच्या अंतरावर असणारं आणि ठोके, बीपी वाचता येणारं माणूस तिथे नसेल, तर एपिड्युरल न देता दुसरा उपाय करणं जास्त प्रामाणिकपणाचं आहे.

१०. काय विचारायचं, ते घरच्यांना आधीच सांगावं

सातव्या-आठव्या महिन्यातच हे बोलणं व्हावं. कळा भरात असताना कुणाला काही समजून घ्यायची शुद्ध नसते. मी काही गोष्टी ठामपणे सांगते. एपिड्युरलने सिझेरियनचं प्रमाण वाढत नाही, हे अनेक चाचण्या एकत्र तपासून स्पष्ट झालं आहे. जोर लावायचा टप्पा थोडा लांबू शकतो. काही बायकांना ताप येतो. सुईच्या जागी काही दिवस दुखतं, पण कायमची कंबरदुखी त्यामुळे जडत नाही.

आणि मग दवाखान्यात विचारायचे प्रश्न लिहून देते. एपिड्युरल दिल्यावर जवळ कोण थांबणार? पहिल्या अर्ध्या तासात बीपी किती वेळाने मोजणार? बाळाचे ठोके सलग बघायची सोय आहे का? बीपी उतरलं तर द्यायचं औषध खोलीत आहे का? तातडीने सिझेरियन लागलं तर थिएटर किती वेळात तयार होईल?

या प्रश्नांची सरळ उत्तरं मिळाली, तर निर्धास्तपणे एपिड्युरल घ्या. मागणाऱ्या बाईला "अजून थोडं सोस" म्हणून टाळू नका, कारण वेदना होतेय आणि ती नको आहे एवढं तिचं म्हणणं पुरेसं कारण आहे. उत्तरं देताना कुणी कां-कूं केलं, तर वेळ हातात असतानाच दुसरी सोय बघा. आईला आराम आणि बाळाला पुरेसं रक्त, दोन्ही एकाच वेळी देता येतं. त्यासाठी लागणारं औषध महाग नाही. तिथे थांबणाऱ्या माणसांची सोय करणं मात्र आपल्या व्यवस्थेला अजून जड जातं, आणि ती सोय प्रत्येक गर्भवतीने हक्काने मागितली पाहिजे.